काडी कुणी टाकली ते नंतर, आधी गवत

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून हे पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, असं पत्रातच म्हटलंय. मजकूर थोडा आटोपता करून देते आहे.

"ताई, शिमग्याच्या आधी आमच्या वाडीवर वणवा आला. दुपारची भांडी घासत होते, तर खाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या बाजूने धूर दिसला. बघता बघता आग वर चढली. आमची हापूसची पस्तीस-चाळीस कलमं होरपळली, काजू तर उभे जळाले. शेजारच्या काकांचा गोठा पेंढ्यासकट गेला, गुरं चरायला सोडलेली म्हणून वाचली. आमच्या घरामागच्या दगडी गडग्यापाशी आम्ही बायकांनी ओल्या फांद्यांचे टाळ हाणून आग कशीबशी अडवली. मिस्टर मुंबईला नोकरीला असतात. घरात 78 वर्षांच्या सासूबाई, मी आणि सहावीतली मुलगी. सासूबाई त्या दिवशी उंबऱ्यातून हलायला तयार नव्हत्या, 'देव सोडून कुठे जाऊ' म्हणून बसून राहिल्या. मुलगी आता रात्री उठून उठून खिडकीशी जाते, जळका वास येतोय का बघते. भावकीतल्या एकाने भाजावळ केली, म्हणजे शेतात पालापाचोळा जाळला, तिचीच ठिणगी उडाली असं वाडीत सगळे म्हणतात. त्याच्या घराशी बोलणं, पाणी, लग्नकार्य सगळं बंद करायचा कागद केलाय आणि आम्हालाही सही करायला सांगतायत. मिस्टर म्हणतात, सगळं सोडून इकडे निघून ये. अजून अख्खा एप्रिल-मे जायचाय. मी काय करू?"

ताई,

पत्राच्या शेवटी तुम्ही एकच प्रश्न विचारलाय, पण आत बरेच प्रश्न आहेत. सगळ्यात निकडीचा आधी घेते. वनखातं फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आगीचा हंगाम धरतं, म्हणजे निम्म्याहून जास्त हंगाम अजून तुमच्यापुढे आहे. जळून काळं झालेलं रान बहुधा त्याच वर्षी पुन्हा पेटत नाही, तेव्हा पऱ्याकडची बाजू आता बऱ्यापैकी निर्धोक झाली. बऱ्यापैकीच म्हणते, कारण होरपळलेल्या झाडांची पानं आता गळतील आणि त्यांचा नवा पाचोळा साठेल. पण खरी काळजी उरलेल्या बाजूंची. घराच्या कुठल्या अंगाला अजून पिवळं गवत उभं आहे ते एकदा सावकाश फिरून बघून घ्या.

घर बहुतेक वेळा ठिणगीने पेटतं. आग शंभर पावलं लांब असते आणि वाऱ्यावर आलेलं एखादं जळतं पान कौलांच्या फटीत, पन्हळीतल्या पाचोळ्यात नाहीतर पडवीत रचलेल्या शेणींवर येऊन पडतं. सगळी माणसं तिकडे रानात टाळ हाणत असतात, मागे घराला धूर लागलेला कुणाच्या लक्षातच येत नाही. काकांच्या गोठ्याचंही असंच झालं असेल.

म्हणून या आठवड्यात कुणालातरी शिडीवर चढवून कौलं झाडून घ्या. फणसाची आणि आंब्याची पानं वर किती साठतात ते तुम्हाला सांगायला नको. पन्हळ साफ करा. पेंढ्याची उडवी, लाकडं, शेणी, रिकामी पोती, जुनी ताडपत्री हे सगळं भिंतीपासून उचला आणि खळ्याच्या पलीकडे, निदान तीस फुटांवर न्या. तेवढी जागा नसेल तर पेंढा दोन-तीन ठिकाणी वाटून ठेवा. एक गंजी गेली तरी वर्षभराची वैरण एका दमात जाणार नाही. पिंपभर पाणी आणि दोन बादल्या घराच्या मागच्या बाजूला कायम भरलेल्या असू द्यात. आगीच्या वेळी वीज जाते, पंपावर भरवसा ठेवू नका.

गडग्याच्या बाहेरून बारा-पंधरा फुटांचा पट्टा गवत काढून उघडा करा. उताराच्या खालच्या अंगाला तो आणखी रुंद हवा, कारण आग चढावर धावते. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते: जाळरेषा म्हणून हा पट्टा आता जाळून काढायला जाऊ नका. ते काम थंडीतलं, दव पडत असताना, चारी बाजूंनी माणसं उभी करून करायचं. मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात जाळरेषा काढायला गेलेल्या माणसाच्या हातूनच वणवा सुटतो. आता नुसतं गवत कापा आणि ओढून लांब टाका. ग्रासकटर भाड्याने आणलात तर त्याचं लोखंडी पातं दगडावर आपटून ठिणगी उडते, त्यापेक्षा नायलॉनची दोरी लावून घ्या. सकाळी लवकर काम उरका, पेट्रोल भरायच्या आधी मशीन गार होऊ द्या आणि पाण्याची कळशी जवळ ठेवा.

आता प्रत्यक्ष आगीच्या दिवसाचं. 2023 च्या मार्चमध्ये गोव्यात म्हादईच्या जंगलात वणवे पेटले, तेव्हा पाणी टाकायला हवाई दलाची आणि नौदलाची हेलिकॉप्टरं आली होती. आपल्या वाडीवर ती येणार नाहीत, आणि बंब काही पाखाडीच्या पायऱ्या चढू शकत नाही. धूर दिसला की 112 ला फोन करायचा, वनखात्याच्या 1926 ला करायचा, पोलीस पाटलांना कळवायचं आणि वाडीत हाळी द्यायची. तरी पहिला तासभर तुमचे तुम्हीच असणार. म्हणूनच कुठवर लढायचं ते आज शांतपणे ठरवून ठेवायला हवं.

ज्वाळा गुडघ्याएवढ्या असतील तोवर टाळ हाणून आग आटोक्यात येते. त्या कमरेच्या वर गेल्या की टाळ टाकून मागे फिरायचं, मग पुढे कलमं असोत की काजू असोत. हाणताना जळून गेलेल्या बाजूला उभं राहायचं आणि आगीच्या कडेने आत यायचं. आगीच्या तोंडासमोर किंवा तिच्या वरच्या अंगाला कधीच जायचं नाही. 2018 च्या मार्चमध्ये तामिळनाडूत, तेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात फिरायला गेलेली माणसं अशाच सुक्या गवताच्या उतारावर आगीत सापडली होती. वीसहून जास्त जीव गेले. चढावर आग माणसापेक्षा वेगाने धावते, धावून तिला मागे टाकता येत नाही. आपल्या कोकणातही बाग वाचवायला एकटेच गेलेले म्हातारे बागायतदार वणव्यात सापडल्याच्या बातम्या येतात. एकट्याने जायचं नाही हा नियम वाडीत सगळ्यांना पाठ हवा. आणि ताई, अंगावर सुती कपडा असू द्या. नायलॉन-पॉलिएस्टरची साडी किंवा गाऊन आचेने वितळून अंगाला चिकटतो. पदर खोचा, केस बांधा, नाकातोंडाला ओलं फडकं बांधा, पायात चपला नकोत, बूट हवेत.

दुपारी खारा वारा समुद्राकडून डोंगराकडे वाहतो, रात्री मतलई वारा उलटा फिरतो. संध्याकाळी वरच्या रानात गेलेली आग पहाटे परत खाली उतरू शकते. "गेली एकदाची" म्हणून सगळ्यांनी झोपून चालत नाही, दोघांनी तरी पाळीने जागं राहायला हवं. धुमसणाऱ्या खोडांवर आणि बुंध्यांवर दुसऱ्या दिवशीही पाणी मारावं लागतं.

निघायची वेळ आली तर कुठे जायचं तेही आत्ताच बघून ठेवा. शाळेचं पटांगण, तण नसलेली खाचरं, गवत नसलेला उघडा कातळ किंवा आग जाऊन गार झालेली काळी जमीन यांतली जी जागा जवळ असेल ती धरा. डोंगराच्या बाजूला मात्र चढू नका. तुमच्या पाखाडीचं खालचं तोंड पऱ्याकडेच उघडत असेल तर दुसरी वाट कोयत्याने मोकळी करून ठेवा. गोठ्याच्या दाराशी एक कोयता कायम टांगलेला असू द्या. धुरात बिथरलेल्या गुराच्या दाव्याची गाठ सुटत नाही, दावं सरळ कापायचं. कागदपत्रांच्या पिशवीत आधार, रेशनकार्ड, पासबुकं आणि सासूबाईंची औषधं ठेवा. सातबारा आता ऑनलाइन निघतो, त्याच्यासाठी कुणीही पेटत्या घरात परत जायचं नाही.

सासूबाईंचं मी समजू शकते. ज्या घरात त्या नवी नवरी म्हणून आल्या, जिथे त्यांचं अख्खं आयुष्य गेलं, तिथून "उठा, चला" म्हटल्यावर त्या उठणार नाहीत. धूर डोळ्यांत गेलेला असताना त्यांना पटवायला बसू नका, ते आताच, सकाळच्या चहाला करा. आणि त्यांना "तुम्हाला न्यावं लागेल" असं म्हणू नका. "देव तुमच्याकडे" असं म्हणा. देवघरातले टाक एका डब्यात, डबा त्यांच्या हातात, आणि धूर दिसताच त्यांनी नातीला घेऊन सगळ्यांच्या आधी शाळेत जायचं. त्यांनी देव सोडायचे नाहीत, देव घेऊन निघायचं. पाखाडीच्या पायऱ्या त्यांना उतरवत नसतील तर वाडीतल्या दोन पोरांची नावं आत्ताच ठरवा, खुर्चीवर बसवून नेतील. वयस्कर माणसाला धूर फार लवकर बाधतो. त्यांनी शेवटी नाही, सगळ्यांत आधी निघायचं.

मुलीला "काही होत नाही, झोप" म्हणू नका. झालेलं तिने डोळ्यांनी बघितलंय, ते खोटं तिला कळतं. तिला खरं सांगा: खालची बाजू जळून गेलीये, वरच्या बाजूचं गवत आपण काढतोय, आणि आग आलीच तर तू आजीबरोबर शाळेत जायचंस. मोबाइलवरचे त्या दिवसाचे व्हिडिओ तिच्यासमोर पुन्हा पुन्हा लावू नका, शेजारपाजारच्यांनाही सांगा. काही दिवस तिला तुमच्याजवळ घेऊन झोपा. झोपायच्या आधी दोघींनी मिळून घराभोवती एक फेरी मारा, चूल विझलीये ना, बादल्या भरल्यात ना ते तिने बघायचं. एवढं करूनही महिनाभरात झोप लागेना, जेवण-शाळा सुटायला लागली, तर 14416 वर टेली-मानसला फोन करा. सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुम्हाला स्वतःलाही झोप नसणार, पत्रात तुम्ही तसं लिहिलं नाहीत एवढंच. तुम्हीही त्या नंबरवर बोलू शकता.

आता त्या कागदाचं. ताई, सही करू नका. एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. त्या दिवशी तुमच्या गडग्यापाशी टाळ हाणायला जे हात आले, तसे त्याच्या घरातले हातही पुढच्या वणव्याला लागणार आहेत. त्याने भाजावळ केली हे कुणी पाहिलं असेल तर रीतसर पोलिसांत तक्रार होऊ द्या, निष्काळजीपणे आग लावून दुसऱ्याचं नुकसान करणं हाही गुन्हाच आहे. पाहिलं नसेल तर तो संशय आहे, आणि संशयावर भावकी तोडायची नाही. तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी राब भाजणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्यावर सरसकट बोट ठेवणार नाही. पण दुपारी, वाऱ्यात, कुणाला न सांगता भाजणं ही बेपर्वाई आहे. वाडीने कागद करायचाच तर असा करावा: भाजावळ सकाळी नऊच्या आत, आदल्या दिवशी शेजाऱ्यांना सांगून, चार माणसं आणि पाणी जवळ ठेवून, आणि राख गार झाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. त्या कागदावर सगळ्यात आधी त्याची सही घ्या.

वणवा लावला की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं, असं म्हणणारे अजून गावोगाव आहेत. पहिल्या पावसात राख उतारावरून धुऊन पऱ्याला जाते, तिच्याबरोबर वरची मातीही जाते, आणि वर्षानुवर्षं जाळलेल्या रानात शेवटी कुसळीच माजते. ती आगीला दाद देत नाही आणि कुसळं आली की गुरं तिला तोंड लावत नाहीत. हे बोलायला वाडीत एखादं जाणतं माणूस गाठा, तुमच्या एकटीच्या तोंडून ऐकतीलच असं नाही.

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे, ते मिस्टरांना फोनवर वाचून दाखवा. हे एवढं गवत तिथे उभं कसं राहिलं? पूर्वी दिवाळीनंतर रान कापून निघायचं. गुरांना लागायचं, घरं शाकारायला लागायचं, राबाला लागायचं. आता गोठे रिकामे झाले, छपरावर पत्रे आले आणि निम्म्या जमिनींचे मालक विरारला नाहीतर डोंबिवलीला. सातबाऱ्यावर पंधरा नावं, आणि गवत कापायला एक माणूस नाही. पडीक वरकस जमिनीतलं कमरेएवढं गवत जानेवारीपासून सुकत उभं असतं. काडी एकाने टाकली असेल, पण जळायला जे होतं ते अख्ख्या वाडीने मिळून साठवलं होतं, मुंबईतल्या निम्म्या वाडीने जरा जास्तच. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फार थोडं, बहुतेक रान खाजगी. तेव्हा वनखातं येऊन आपल्या बागेभोवती जाळरेषा काढून देईल याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

गणपतीला सगळे चाकरमानी गावी असतात. त्याच वेळी वाडीची बैठक लावायला मिस्टरांना सांगा. जो येऊन गवत कापू शकत नाही त्याने आपल्या हिश्श्याची मजुरी द्यायची. देवळाच्या कामाला मुंबई मंडळ वर्गणी काढतं, तशी ही काढायची. मार्गशीर्षातले दोन रविवार ठरवून वाडीभोवती एकच मोठा पट्टा काढायचा. प्रत्येकाने आपापल्या चार कलमांभोवती काढलेल्या तुकड्यांनी वणवा अडत नाही, एका पडीक तुकड्यातून तो आत येतोच. ग्रामसभेत ठराव घेतलात तर नुसतं नाव सातबाऱ्यावर असलेल्या मालकांनाही पत्र पाठवता येईल.

नुकसानीचा पंचनामा अजून झाला नसेल तर उद्याच तहसीलदारांच्या नावे अर्ज द्या, एक प्रत तलाठ्यांना आणि एक कृषी सहायकांना. जळालेल्या प्रत्येक झाडाचा फोटो काढा. काकांच्या गोठ्याचाही अर्ज त्यांच्याकडून लिहून घ्या. सातबाऱ्यावर कलमांची नोंद आहे का बघा, ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरच्या पिकांच्या नोंदीत झाडं नोंदवलेली नसतील तर कागदावर तुमची बाग दिसणारच नाही. फळपीक विमा काढला असेल तर त्यावर फार आशा ठेवू नका. तो पाऊस, तापमान, वारा, गारपीट यांच्यावर चालतो, त्यात वणवा मोजला जात नाही. मदत किती आणि कधी मिळेल ते मी सांगू शकत नाही, पण पंचनाम्याशिवाय काहीच मिळत नाही हे नक्की.

होरपळलेली कलमं मात्र घाईने तोडू नका. लाकूडवाला दारात येईल, काळं झालेलं झाड बघून भाव पाडेल. बुंध्याची साल नखाएवढी खरवडून बघा. आत ओलं, हिरवट-पांढरं लागलं तर झाड जिवंत आहे. एका बाजूला सुकं तपकिरी आणि दुसऱ्या बाजूला ओलं असेल तरीही थांबा. खोडावर ऊन थेट लागू नये म्हणून चुना लावा, तडकलेल्या जागी मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा, बुंध्याशी थोडं थोडं पाणी द्या, आणि यंदा उरलेली फळं त्या झाडावर ठेवू नका. अशक्त झाडाला खोड पोखरणारा भिरूड लवकर लागतो, काजूला तसाच रोठा. बुंध्याशी भुसा दिसला की कृषी सहायकांना दाखवा. आणि पावसाळ्यात फूट आली की ती कुठून आली ते नीट बघा. कलमाच्या जोडाच्या वरून आली तर तुमचा हापूस परत आला. जोडाच्या खालून आली तर ती खालच्या रायवळ, म्हणजे साध्या आंब्याच्या खुंटाची, ती वाढवून हापूस मिळणार नाही. पण खुंट जिवंत आहे म्हणजे मुळं जिवंत आहेत, त्यावर पुन्हा कलम बांधता येतं आणि नव्या रोपापेक्षा ते लवकर वाढतं.

राहिला मुंबईचा प्रश्न. मिस्टरांना तुमची काळजी आहे, त्यात चुकीचं काही नाही. पण "ये" म्हणणं सोपं, तिथल्या खोलीत सासूबाईंचा जीव रमेल का आणि मुलीची शाळा मधेच बदलायची का, हे त्यांनीही बोलायला हवं. मी तुमच्या जागी असते तर मुलीची परीक्षा झाली की मे महिनाभर तिला आणि सासूबाईंना मुंबईला पाठवलं असतं, आणि मिस्टरांना रजा काढून इकडे बोलावलं असतं. त्यांनी एकदा स्वतः गडग्याबाहेर उभं राहून ते गवत बघायला हवं. कायमचं जायचं की राहायचं ते मात्र दिवाळीला ठरवा. तोवर कलमांना फूट आली का ते कळलेलं असेल, बैठकीत वाडी काय बोलली तेही कळलेलं असेल. वाडीने गवताला हात लावायचं नाकारलं आणि तुम्हाला तिथे राहणं नको वाटलं, तर बिनदिक्कत जा. घर राखायला तुम्ही एकट्या बांधील नाही आहात.